औषध भिवंडीत, माप मात्र परदेशी

यंत्रमागांचे शहर ही भिवंडीची जुनी ओळख. मुंबईच्या जकात नाक्यांबाहेरची मोकळी जमीन आणि नाशिककडे जाणारा महामार्ग यांच्या आधाराने पूर्णा, काल्हेर, दापोडे, मानकोली या गावांत गोदामांच्या रांगा उभ्या राहिल्या. मुंबईतील जकात २०१७ मध्ये रद्द झाली, गोदामे मात्र वाढतच गेली. परदेशातून येणाऱ्या कित्येक औषधांच्या खोक्यांवर आयातदाराचा पत्ता म्हणून आज भिवंडी तालुक्याचे नाव छापलेले असते. दोन ते आठ अंश तापमानातच ठेवावी लागणारी जैविक औषधेही या मार्गाने देशभर जातात. साठवण आणि वाहतूक यांत हा तालुका तरबेज झाला आहे. या औषधांच्या कुपीत नेमकी किती ताकद आहे, हे मोजण्याचे साधन मात्र बव्हंशी परदेशातून विकत घ्यावे लागते.

हे साधन म्हणजे यंत्र नव्हे, तर जिवंत पेशी. निव्होलुमॅब आणि पेम्ब्रोलिझुमॅब ही कर्करोगावरील औषधे टी-पेशींवरील पीडी-१ नावाच्या रिसेप्टरला, म्हणजे ग्राहीला, अडवतात. हा ग्राही रोगप्रतिकारशक्तीचा लगाम आहे. कर्करोगाची गाठ तो खेचून धरते आणि टी-पेशी निष्क्रिय होतात. औषधाने लगाम सुटतो. या ग्राहीचा शोध लावणारे जपानचे तासुकू होंजो आणि अशाच दुसऱ्या लगामावर काम केलेले अमेरिकेचे जेम्स अ‍ॅलिसन यांना २०१८ चे नोबेल मिळाले.

साध्या रासायनिक गोळीतील औषध वजनाने आणि शुद्धतेने मोजता येते. प्रतिपिंडाचे तसे नाही. त्याची घडी किंचित बिघडली तरी वजन तेवढेच राहते आणि काम मात्र होत नाही. म्हणून ते पेशींवरच तपासावे लागते. सत्तरच्या दशकात रक्ताचा कर्करोग झालेल्या एका चौदा वर्षांच्या मुलाच्या रक्तातून मिळालेला ‘जुरकॅट’ हा टी-पेशींचा वंश आजही जगभर वाढवला जातो. त्यात दोन जनुके घातली जातात : एक पीडी-१ ग्राहीचे आणि दुसरे काजव्याला प्रकाश देणाऱ्या विकराचे. समोर ग्राहीला दाबणाऱ्या दुसऱ्या पेशी ठेवल्या की प्रकाश मंदावतो. औषध टाकले की तो वाढतो. किती औषधाला किती प्रकाश, यावरून प्रमाणित नमुन्याशी तुलना करून ताकद ठरते.

ऐकायला हे सोपे वाटते. खरी मेहनत आहे ती अशा पेशी ‘स्थिर’ करण्यात. नुसते जनुक आत सोडले तर ते काही दिवसांत नाहीसे होते. ते पेशीच्या गुणसूत्रात कायमचे बसावे लागते. मग प्रतिजैविकाचा मारा करून जनुक न स्वीकारलेल्या पेशी मारायच्या, उरलेल्यांतून एकेक पेशी वेगळी काढून तिची वसाहत वाढवायची आणि पिढ्यान् पिढ्या ग्राहीचे प्रमाण टिकते की नाही, हे पाहायचे. यात महिने जातात. त्यातच मायकोप्लाझ्मा या सूक्ष्मजीवाचा संसर्ग झाला किंवा दुसऱ्याच पेशींची भेसळ झाली, तर सारे पहिल्यापासून.

अशा पेशींचा लाभ भारताने एकदा घेतलेला आहे, याची फारशी चर्चा झाली नाही. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने वेगळ्या केलेल्या विषाणूपासून भारत बायोटेकने कोव्हॅक्सिन बनवली. तिची परिणामकारकता वाढवणारा घटक टीएलआर-७ आणि टीएलआर-८ या ग्राहींना चेतवतो. तो अमेरिकेत कॅन्सस येथे सुनील डेव्हिड यांच्या प्रयत्नांतून पुढे आला. या जातीच्या रेणूंची पारख त्यांच्या गटाने हेच ग्राही बसवलेल्या एचईके-२९३ पेशींवर केली होती. त्या पेशींचा मूळ वंश १९७३ मध्ये नेदरलँड्समधील लायडनचा.

येथे कौशल्याचा अभाव आहे, असे म्हणता येणार नाही. मुंबई आयआयटी आणि टाटा स्मारक रुग्णालय यांच्या संशोधनातून साकारलेल्या ‘नेक्सकार-१९’ या उपचाराला ऑक्टोबर २०२३ मध्ये मान्यता मिळाली. रुग्णाच्याच टी-पेशींत कृत्रिम ग्राही बसवण्याचे हे काम स्थिर पेशीवंश बनवण्याहून निश्चितच कठीण आहे. पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राचे पेशीभांडार देशभरातील प्रयोगशाळांना पेशी पुरवते. उणीव आहे ती ग्राही बसवलेल्या, पारखलेल्या आणि कोणालाही माफक दरात मिळतील अशा पेशींच्या सार्वजनिक साठ्याची. परदेशी कंपन्यांच्या पेशी बहुधा अटींसह येतात : केवळ संशोधनासाठी वापरा, दुसऱ्या प्रयोगशाळेला देऊ नका, व्यापारी वापरासाठी वेगळा परवाना घ्या. कोरड्या बर्फात आलेले पार्सल विमानतळावर अडकले, तर पैसे आणि पेशी दोन्ही जातात.

आतापर्यंत ही गैरसोय संशोधकांपुरती होती. यापुढे ती तशी राहणार नाही. मार्च २०२३ मध्ये नवीन औषधे व वैद्यकीय चाचण्या नियमांत दुरुस्ती होऊन प्राण्यांऐवजी पेशींवरील चाचण्यांना वाट मिळाली. निव्होलुमॅबच्या भारतीय आवृत्तीचा वाद दिल्ली उच्च न्यायालयापर्यंत गेला, तेव्हा मूळ पेटंटची मुदत मे २०२६ मध्ये संपणार होती. पेटंट संपले की देशी कंपनीला औषध बनवता येते. पण ते मूळ औषधाच्या तोडीचे आहे, हे ग्राही असलेल्या पेशींवर दाखवून द्यावे लागते. ती चाचणी परवान्याच्या पेशींवर करायची तर तो खर्चही अखेर किमतीतच मिळवला जाणार.

रुग्णाच्या दृष्टीने याचा अर्थ काय, हे टाटा रुग्णालयातील एका चाचणीने दाखवले आहे. डोके व मान यांच्या वाढलेल्या कर्करोगात नेहमीच्या गोळ्यांच्या उपचाराला दर तीन आठवड्यांनी अवघ्या २० मिलिग्रॅम निव्होलुमॅबची, म्हणजे प्रचलित मात्रेच्या सुमारे ६ टक्क्यांची, जोड दिली गेली. एक वर्षानंतर हयात असलेल्यांचे प्रमाण सुमारे १६ टक्क्यांवरून ४३ टक्क्यांवर गेले. तंबाखू आणि गुटख्याने तोंडाचा कर्करोग ओढवून घेणाऱ्या महाराष्ट्रात हा निष्कर्ष मोलाचा आहे. मात्रा इतकी कमी असताना कुपीतील ताकद दहा-वीस टक्क्यांनी चुकलेली परवडेल काय, हा प्रश्न औषध नियंत्रकांनी स्वतःला विचारायला हवा.

जनुकीय बदल केलेल्या पेशी हाताळण्यासाठी १९८९ पासून नियम आहेत आणि संस्थांतर्गत जैवसुरक्षा समित्याही आहेत. पुण्याच्या भांडारात द्रवरूप नायट्रोजनच्या टाक्यांत उणे १९६ अंशांवर पेशी जपल्या जातात. पीडी-१ आणि टीएलआरसारखे दहा-पंधरा ग्राही निवडून त्यांचे पेशीवंश त्याच टाक्यांत ठेवायचे, तर खर्च मोठ्या रुग्णालयाच्या तुलनेत किरकोळ ठरेल. मात्र हे काम शोधनिबंध मिळवून देत नाही, त्यामुळे संशोधक ते स्वतःहून हाती घेत नाहीत. आणि त्यातून लगेच नफाही होत नाही, म्हणून कंपन्याही पुढे येत नाहीत. उरते ते केंद्र सरकारचे जैवतंत्रज्ञान खाते, ज्याच्या अखत्यारीत पुण्याचे हे केंद्र येते.