प्रवासाला निघताना : बर्फावरचे पहारेकरी

मैत्रिणींनो, पूर्वी काश्मीर म्हटले की शिकारा, केशर नि अक्रोड एवढेच डोळ्यांपुढे येई. आता जानेवारी-फेब्रुवारीत गुलमर्गला जाणारी मराठी कुटुंबे पुष्कळ दिसतात, आणि बर्फ नुसता पाहून परतायला मुले तयार नसतात. पायांत स्की बांधून घसरायचेच असते! हौस जरूर करावी. पण चार गोष्टी आईला ठाऊक हव्यात.

गुलमर्ग सुमारे २,६५० मीटर उंचीवर आहे. गोंडोला, म्हणजे तारेवरचा पाळणा, दुसऱ्या टप्प्यात अफरवट डोंगरावर ३,९०० मीटरच्याही वर नेतो. नवशिक्यांनी मात्र खालच्या सौम्य उतारावरच शिकावे, तेही शिक्षक घेऊन. डोक्यावर हेल्मेट हवेच.

तिथे ‘स्की पेट्रोल’ असते. गाडीत घालायचे पेट्रोल नव्हे बरं का! हे बर्फावरचे गस्तीपथक. सकाळी उतार तपासायचे, धोका दिसला तर बंद ठेवायचे, लोंबता बर्फ स्फोट करून आधीच पाडायचा आणि जखमीला घसरगाडीवरून खाली आणायचे, ही त्यांची कामे. पण त्यांची हद्द ठरलेली असते. फेब्रुवारी २०२३ मध्ये अफरवटवर हिमकडा कोसळून पोलंडचे दोन स्कीपटू गेले, तर फेब्रुवारी २०२४ मध्ये गुलमर्गलाच एक रशियन. बर्फाच्या देशांतली माणसे ती! तेव्हा दोरी नि झेंडे ओलांडून ‘जरा पलीकडे’ मुळीच जाऊ नये.

कुणी पडले तर काय कराल?

१. जखमीला ओढू-उचलू नका. हेल्मेट आणि बूट काढू नका.

२. त्याच्या वरच्या बाजूला, थोड्या अंतरावर, दोन स्की फुलीसारख्या बर्फात रोवा. वरून येणाऱ्यांना ती धोक्याची खूण कळते.

३. एकाने जवळ थांबावे, दुसऱ्याने गस्तीवाल्याला किंवा पाळण्याच्या कर्मचाऱ्याला गाठावे. उताराचे नाव, जवळचा खांब, कुठे लागले आणि माणूस शुद्धीवर आहे का, हे सांगावे.

४. तोवर अंगावर जाकीट, शाल घाला. डोक्याला मार असेल तर खायला-प्यायला देऊ नका.

निघण्यापूर्वी गस्तीपथकाचा नंबर हॉटेलात विचारून कागदावर लिहा आणि मुलांच्याही खिशात घाला. ११२ हा नंबर आहेच. आपली प्रीपेड सिमकार्डे तिथे सहसा चालत नाहीत, याची सोय घरूनच करा. शाळेच्या सहलीत आम्ही मुलांच्या गळ्यात शिट्टी अडकवतो, तीही उपयोगी पडते.

आणखी एक. गुडघा दुखावला, डोके ठणकतेय, मळमळतेय, तरी ‘काही नाही हो, चालेल’ म्हणायची आपली बायकांची सवय! उंचावर डोकेदुखी नि मळमळ ही विरळ हवेची लक्षणे असू शकतात. अशा वेळी लगेच सांगावे आणि खाली उतरावे. गस्तीवाल्यांना त्रास होईल असा संकोच करू नका. दुपारी हाक मारली तर उजेडात खाली आणता येते. अंधार पडल्यावर तेच काम सगळ्यांना जड जाते.