रेल्वेचा खेळ : मुलं काय शिकतात आणि काय शिकायचं राहून जातं?



पालकसभेत हमखास येणारा प्रश्न म्हणजे "आमचा मुलगा सारखा गेम खेळतो, काय करायचं?" या प्रश्नाला आपण बहुतेक वेळा एकच ठरलेलं उत्तर देतो, ते म्हणजे गेम बंद करा. पण सगळे गेम सारखे नसतात. काही गेममध्ये नुसतं बटण दाबत राहायचं असतं. काहींमध्ये मात्र डोकं चालवावं लागतं, हिशोब करावा लागतो, नकाशा वाचावा लागतो. अशाच एका गेमच्या जमेच्या बाजू आणि उणिवा आज तुमच्यासमोर मांडत आहे. शेवटी माझं मतही सांगेन. ते पटलंच पाहिजे असं नाही, पण वाचून विचार जरूर करा.

गेमचं नाव आहे 'रेलरोड टायकून ३'.

गेमची थोडक्यात ओळख

टायकून म्हणजे बडा उद्योगपती. पहिला 'रेलरोड टायकून' १९९० साली आला. सिड मायर या प्रसिद्ध गेम निर्मात्याचा तो गेम होता. दुसरा भाग १९९८ मध्ये आणि तिसरा २००३ मध्ये आला. हे दोन्ही भाग पॉपटॉप सॉफ्टवेअर या कंपनीने बनवले. मी तिसऱ्या भागाबद्दल लिहीत आहे. हा संगणकावर खेळायचा जुना गेम आहे, त्यामुळे त्यासाठी महागडा संगणक लागत नाही.

खेळणारा रेल्वे कंपनीचा मालक असतो. अमेरिकेचा किंवा युरोपचा नकाशा समोर येतो. त्यात शहरं, खाणी, शेतं, कारखाने दिसतात. हातात ठरावीक भांडवल असतं. रूळ टाकायचे, स्टेशनं बांधायची, इंजिनं विकत घ्यायची आणि माल व प्रवासी वाहून कंपनी मोठी करायची. वर्षं भराभर पुढे जातात. सुरुवातीला वाफेची इंजिनं असतात, मग डिझेल आणि विजेची येतात.

जमेची पहिली बाजू : भाव म्हणजे काय ते कळतं

या गेमचं सगळ्यात मोठं वैशिष्ट्य म्हणजे प्रत्येक मालाचा भाव नकाशावर जागोजागी वेगळा असतो. जिथे माल पिकतो तिथे तो स्वस्त, जिथे लागतो तिथे महाग. कोळसा खाणीजवळ स्वस्त असतो आणि पोलादाच्या कारखान्याजवळ महाग. एखाद्या मालाचा नकाशा उघडला की कुठे भाव चढा आहे आणि कुठे उतरलेला, ते रंगांवरून दिसतं. आणखी गंमत म्हणजे तुम्ही रेल्वे नेली नाहीत तरी माल जागेवर पडून राहत नाही. तो रस्त्याने, नदीने, हळूहळू का होईना, जास्त भावाच्या दिशेने सरकत राहतो. रेल्वे फक्त त्याचा वेग वाढवते.

आपल्या मुलांना हे समजवायला कांद्याचं उदाहरण पुरेसं आहे. समजा, गावात कांदा १० रुपये किलो आहे आणि शहरात १८ रुपये. वाहतुकीचा खर्च किलोमागे ३ रुपये. म्हणजे किलोमागे ५ रुपये सुटतात. आता सगळ्यांनीच शहरात कांदा नेला आणि तिथला भाव १४ वर आला, तर सुटतो फक्त १ रुपया. गेममध्ये हेच घडतं. एकाच ठिकाणी माल ओतत राहिलं की तिथला भाव पडतो आणि काल नफा देणारी गाडी आज रिकामी धावते. शेतकऱ्याच्या घरातल्या मुलाला हे वेगळं सांगावं लागत नाही, पण शहरातल्या मुलाला पुस्तकातून शिकवायला जे जड जातं ते इथे अर्ध्या तासात उमगतं.

त्याचबरोबर कच्चा माल आणि पक्का माल यांची साखळीही समजते. लोखंडाचं खनिज आणि कोळसा एकत्र आले की पोलाद, लाकडाच्या ओंडक्यांपासून फळ्या, कापसापासून कापड. परिसर अभ्यासात आपण हे चित्रं काढून शिकवतो. इथे ती साखळी तुटली तर काय होतं ते मुलाला स्वतः भोगावं लागतं.

जमेची दुसरी बाजू : भूगोल आणि गणित एकत्र येतं

रूळ टाकताना चढ किती टक्के आहे ते गेम दाखवतो. सरळ डोंगरावरून रूळ नेले तर अंतर वाचतं, पण भरलेली गाडी चढावर रखडते. वळसा घातला तर चढ कमी होतो, पण रूळ जास्त लागतात. बोगदा काढावा तर खर्च वाढतो. प्रत्येक वेळी मुलाला तुलना करावी लागते.

इथे आपल्या बोरघाटाची आठवण करून द्यायलाच हवी. मुंबई-पुणे मार्गावरचा हा घाट १८६३ साली रेल्वेसाठी खुला झाला. त्याचा कमाल चढ ३७ ला १ असा आहे, म्हणजे ३७ मीटर पुढे जाताना १ मीटर वर. पाचवी-सहावीच्या मुलांना याची टक्केवारी काढायला सांगा. उत्तर येतं साधारण २.७ टक्के. "एवढासाच चढ?" असं मुलं म्हणतात. मग त्यांना विचारा, की पुण्याला जाणाऱ्या गाडीला कर्जतला मागून जादा इंजिनं का लावतात? शेकडेवारीचं गणित असं प्रत्यक्षात दिसलं की विसरलं जात नाही.

जमेची तिसरी बाजू : कर्ज काढण्याचं धाडस आणि त्याची किंमत

भांडवल कमी पडलं तर कंपनी कर्जरोखे काढू शकते. पण कर्ज वाढत गेलं की पत घसरते आणि पुढचं कर्ज जास्त व्याजाने मिळतं. त्यात मंदी आली तर कमाई घटते, व्याज मात्र सुटत नाही. कंपनीचा पैसा वेगळा आणि मालकाचा स्वतःचा पैसा वेगळा, हेही गेम स्पष्ट दाखवतो. ही गोष्ट कित्येक मोठ्या माणसांनाही नीट कळत नाही, मग मुलांचं काय! अंथरूण पाहून पाय पसरावेत हे आपण फळ्यावर लिहितो. इथे पाय बाहेर गेले की लगेच थंडी वाजते.

आता उणिवा

पहिली उणीव भाषेची. सगळा गेम इंग्रजीत आहे आणि सूचना भरपूर. मराठी माध्यमाच्या मुलाला शेजारी मोठं माणूस बसल्याशिवाय सुरुवात करणं अवघड आहे.

दुसरी उणीव रेल्वेचीच. गेममध्ये सिग्नल नाहीत. समोरासमोर आलेल्या गाड्या चक्क एकमेकींतून आरपार जातात! कोकण रेल्वेने मामाच्या गावाला गेलेल्या मुलाला विचारा, समोरची गाडी येईपर्यंत स्टेशनात ताटकळणं म्हणजे काय ते तो सांगेल. वेळापत्रक, क्रॉसिंग, सिग्नल हे रेल्वे चालवण्याचं खरं कसब. तेच इथे गायब आहे. १९९० च्या पहिल्या गेममध्ये सिग्नल होते, पुढे ते काढून टाकले. खेळ सोपा झाला, पण रेल्वे खोटी झाली.

तिसरी उणीव शेअर बाजाराची. गाड्या नीट चालवण्यापेक्षा शेअरची खरेदी-विक्री करून आणि कारखाने विकत घेऊन पटकन श्रीमंत होता येतं. उधारीवर शेअर घ्यायचीही सोय आहे. हुशार मूल ही पळवाट लवकर शोधतं. मग रेल्वे बाजूला राहते आणि उरतो फक्त आकडा वाढवण्याचा नाद.

चौथी उणीव वेळेची. "अजून एकच वर्ष" म्हणता म्हणता गेममधली दहा वर्षं आणि घड्याळातले दोन तास निघून जातात. खेळाच्या उत्तरार्धात तर गाड्या आपोआप धावत असतात आणि मूल नुसतं बघत बसतं. त्या वेळात शिकणं जवळजवळ थांबलेलं असतं.

सगळ्यात मोठी उणीव : माणसं कुठे आहेत?

माझ्या मते खरा प्रश्न हा आहे. गेममध्ये माऊस ओढला की रूळ तयार होतात. ते कोणी टाकले? कोणाच्या शेतातून गेले? यातलं काही दिसत नाही.

अमेरिकेतली पूर्व-पश्चिम जोडणारी रेल्वे १० मे १८६९ रोजी युटामध्ये प्रॉमोंटरी इथे पूर्ण झाली. पश्चिमेकडून सेंट्रल पॅसिफिक आणि पूर्वेकडून युनियन पॅसिफिक अशा दोन कंपन्या रूळ टाकत आल्या. सेंट्रल पॅसिफिकच्या कामावर हजारो चिनी मजूर होते. सिएरा नेवाडाच्या कठीण खडकात, बर्फात त्यांनी बोगदे खोदले. जून १८६७ मध्ये त्यांनी गोऱ्या मजुरांइतकी मजुरी आणि कामाचे कमी तास मागत काम बंद केलं. कंपनीने त्यांच्या अन्नाचा पुरवठाच तोडला. साधारण आठवडाभरात संप मोडला. ज्या सपाट मैदानांतून युनियन पॅसिफिक आली, ती तिथल्या मूळ रहिवासी जमातींची शिकारीची भूमी होती. गेममध्ये ती नुसती हिरवी-पिवळी मोकळी जमीन दिसते.

पैशाची गोष्टही गेममध्ये अर्धीच आहे. तिथे मालक स्वतःच्या हिमतीवर कंपनी उभी करतो. प्रत्यक्षात १८६२ च्या कायद्याने अमेरिकन सरकारने या कंपन्यांना जमिनी दिल्या आणि मैलामागे कर्जही दिलं. सपाट जागी १६,००० डॉलर, डोंगराळ भागात ४८,०००. मग सेंट्रल पॅसिफिकने काय करावं? सॅक्रामेंटो शहराजवळची जवळजवळ सपाट जमीन 'डोंगराचा पायथा' म्हणून मंजूर करून घेतली आणि जास्तीचं कर्ज मिळवलं. ही गोष्ट मुलांना सांगून बघा, वर्गात हशा पिकेल आणि मग गंभीर प्रश्नही येतील.

आपल्याकडची गोष्ट वेगळी नाही. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली, हे पाठ असतं. पण ज्या इंग्रज कंपनीने ती चालवली तिला सरकारने भांडवलावर ५ टक्के परताव्याची हमी दिली होती. नफा कमी पडला तर फरक सरकारी तिजोरीतून, म्हणजे इथल्या रयतेच्या करातून भरला जायचा. आणि बोरघाटाच्या कामात हजारो मजूर रोगराईने आणि अपघातांनी मेले. त्यांच्यापैकी किती जणांची नावं आपल्याला माहीत आहेत?

कोणी म्हणेल, "अहो, गेम आहे तो, इतिहासाचं पुस्तक नाही." मान्य. बुद्धिबळातही प्यादं मेलं म्हणून कोणी रडत नाही. पण बुद्धिबळ खेळून कोणाला वाटत नाही की आपल्याला युद्धाचा इतिहास कळला. या गेममध्ये खरी शहरं आहेत, खरी वर्षं आहेत, खरी इंजिनं आहेत. म्हणून मुलाला वाटतं की रेल्वे अशीच बांधली गेली. जे दिसलं नाही ते नव्हतंच, अशी समजूत होण्याचा धोका इथे आहे.

मग खेळू द्यावा का?

माझं उत्तर आहे : हो, पण एकट्याला नाही. सहावी-सातवीपासून, आठवड्यातून एक-दोनदा, तासाभराची मर्यादा ठरवून आणि मोठ्यांपैकी कोणीतरी जवळ असताना. तुम्हाला गेम येत नसला तरी चालेल. फक्त तीन प्रश्न विचारा : हा माल इथून तिथे का नेलास? हे रूळ कोणी टाकले असतील? या जागी आधी काय असेल? पहिल्या प्रश्नाचं उत्तर गेम देतो. बाकीची दोन तुम्ही आणि मूल मिळून शोधायची.

ज्या शाळेत संगणक नाही तिथेही हे करता येतं. चौकटीच्या कागदावर चार गावं, एक नदी, एक डोंगर काढा. प्रत्येक गावात धान्य, कापूस, कोळसा यांचे भाव लिहा. एका चौकटीच्या रुळाचा खर्च ठरवा, डोंगरात तो तिप्पट धरा. मग वर्गाचे चार गट करा : कंपनी, शेतकरी, मजूर आणि प्रवासी. कंपनीच्या गटाने मार्ग आखायचा, पण बाकी तीन गटांना पटवून दिल्याशिवाय पेन्सिलने रेघ ओढायची नाही. शेतकऱ्यांचा गट जमिनीची किंमत मागेल, मजुरांचा गट मजुरी ठरवेल, प्रवासी विचारतील की आमच्या गावाला स्टेशन का नाही? गणित, भूगोल, इतिहास आणि भाषा चारही विषय एका तासिकेत येतात. खर्च फक्त एका कागदाचा.

संगणकातल्या त्या गेममध्ये असे तीन गट नाहीत, कंपनी एकटीच खेळते. ते तीन गट आणणं हे आपलं, म्हणजे शिक्षकांचं आणि पालकांचं काम आहे.

तुमच्या घरी किंवा वर्गात असा काही प्रयोग केलात तर जरूर कळवा. कोणत्या गटाने सगळ्यात जास्त भांडण केलं, तेही लिहा!