जुनी मोटार आणि नवी ठिणगी

जुन्या वस्तूवर प्रेम करणें निराळें आणि तिचे हाल मुकाट्यानें पाहात बसणें निराळें. हा भेद ध्यानांत न घेतल्यामुळें जुन्या मोटारी बाळगणाऱ्या मंडळींत एक वाद नेहमीं रंगत असतो. ज्या मोटारींत ठिणगी पाडण्याचें काम धातूच्या दोन लहानशा टिकल्या करीत आल्या, त्या टिकल्या काढून तेथें इलेक्ट्रॉनिक साधन बसवावें कीं बसवूं नये, हा तो वाद होय. या टिकल्यांस आमच्याकडील कारागीर 'पॉइंट' म्हणतात. विषय वरवर पाहतां किरकोळ आहे. परंतु गेल्या श्रावणांत आम्हांस जो अनुभव आला, त्यानंतर तो आम्हांस किरकोळ वाटेनासा झाला आहे.

एका स्नेह्यांच्या पन्नाशी उलटलेल्या मोटारींतून आम्ही येलदरीस गेलों होतों. पूर्णा नदीवरील तें धरण १९६८ सालीं पुरें झालें. त्याच्या पायथ्याशीं वीजघर आहे. तें मुलांच्या दृष्टीस पडावें एवढाच हेतु होता. परततांना स्नेह्यांच्या नातवास सडकून ताप भरला. जिंतुराचा दवाखाना गांठण्याची घाई, वर पावसाची झड, आणि दिवस मावळतीस आलेला. अशा वेळीं मोटारीनें दोन आचके दिले व ती जी थांबली ती हलेना. ज्या पाण्याच्या बळावर वीज उत्पन्न होते तें अथांग पाणी आमच्या पाठीशीं पसरलें होतें, आणि आम्हांस मात्र एक ठिणगी मिळत नव्हती!

एका वाटसरूनें आपल्या दुचाकीवरून जाऊन एका वृद्ध मिस्त्रींस आणलें. त्यांनीं झांकण उघडलें, 'पॉइंट जळालेत, फट बी मिटलीय,' एवढेंच म्हटलें, आणि खिशांतील पॉलिश कागदाच्या तुकड्यानें दोन्ही टिकल्या घांसल्या. मग काड्यापेटीच्या पुठ्ठ्याचा तुकडा मध्यें धरून त्यांनीं फट बेतली व स्क्रू आंवळला. वीस मिनिटांत मोटार सुरू झाली. मुलास वेळेवर औषध मिळालें.

घरीं आल्यावर स्नेही म्हणाले, "हा रोग कायमचा काढून टाकतों; इलेक्ट्रॉनिक बसवितों." आम्ही विचारांत पडलों. इलेक्ट्रॉनिक साधन असतें तर त्या फटीमुळें मोटार थांबलीच नसती, हें खरें. परंतु तेंच साधन त्या वाटेवर बिघडलें असतें, तर पॉलिश कागद आणि काड्यापेटी घेऊन कोणाही मिस्त्रीस तें दुरुस्त करतां आलें नसतें, हेंही तितकेंच खरें. दोन्ही पक्षांचें सत्य एकाच सायंकाळीं आमच्यासमोर उभें राहिलें.

निवाडा देण्यापूर्वीं यंत्र समजून घेतलें पाहिजे. बॅटरीचा दाब अवघा बारा व्होल्ट. परंतु दाबलेल्या पेट्रोलमिश्रित हवेंत ठिणगी उडावयास तो हजारोंच्या घरांत न्यावा लागतो. हें काम कॉइल करते. पॉइंट मिटलेले असतां कॉइलच्या जाड तारेंतून प्रवाह वाहतो व चुंबकत्व सांठतें. पॉइंट उघडतांच प्रवाह तुटतो, चुंबकत्व एकदम ओसरतें, आणि बारीक तारेच्या असंख्य वेढ्यांत प्रचंड दाब उत्पन्न होतो. तो फिरत्या रोटरच्या द्वारें एकेका प्लगला पोंचविला जातो. कंडेन्सर हा पॉइंटचा रखवालदार. तो नसेल तर पॉइंटमध्येंच ठिणगी उडून ते जळतील व प्लगला कांहींच मिळणार नाहीं. अमेरिकेंतील चार्ल्स केटरिंग यांनीं ही रचना सिद्ध केली व १९१० च्या सुमारास कॅडिलॅक मोटारींत ती आली. त्यांच्या संस्थेचें संक्षिप्त नांव 'डेल्को'. आपल्याकडील गॅरेजांत डिस्ट्रिब्यूटरला आजही 'डेल्को' म्हणतात तें त्यावरूनच.

या बिचाऱ्या टिकल्यांवर भार केवढा पडतो पाहा. चार सिलिंडरांचें इंजिन मिनिटास ३००० फेरे घेत असेल, तर दर फेऱ्यास दोन याप्रमाणें मिनिटास ६००० ठिणग्या, म्हणजे सेकंदास १०० वेळां पॉइंटनें उघडावयाचें आणि मिटावयाचें! त्यांमधील फट अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी. कॅमवर घांसणारा ठोकळा झिजला कीं फट मिटत जाते, ठिणगी उशिरां पडते, इंजिन तापतें आणि पेट्रोल वायां जातें. म्हणून कांहीं हजार किलोमीटर झाले कीं पॉइंट पाहावेच लागतात.

इलेक्ट्रॉनिक रचनेंत ही झीज नाहीं. कॅमवर चुंबकांचें एक कडें बसतें आणि त्याच्याजवळून चुंबक सरकला कीं एक संवेदक ओळखतो. पुष्कळशा संचांत हें काम एडविन हॉल यांनीं १८७९ सालीं शोधिलेल्या तत्त्वावर चालतें. प्रवाह तोडण्याचें काम ट्रान्झिस्टर करतो. धातू धातूस लागत नाहीं, म्हणून जळत नाहीं. अमेरिकेंत क्रायस्लर कंपनीनें १९७३ पासून आपल्या मोटारींत अशी रचना सर्रास दिली. मात्र तिनें मोटारीस नवें बळ येतें ही समजूत चुकीची आहे. नीट बेतलेल्या पॉइंटांवर जें इंजिन उत्तम चालतें, तें या साधनानेंही तितकेंच चालतें. लाभ आहे तो एवढाच कीं तें पुष्कळ काळ तसेंच चालत राहतें.

आतां विरुद्ध पक्ष. महाराष्ट्रास या प्रश्नांत विशेष आस्था असावी. कारण सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं स्थापिलेल्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यांतून फियाट व पुढें पद्मिनी या मोटारी देशभर गेल्या. मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्यें कायमची गेली. आतां ज्या मोटारी उरल्या त्या इतिहासाचीं पानें आहेत. त्यांत खाडाखोड करण्याचा अधिकार आपणांस कोणीं दिला, असा प्रश्न जाणते लोक करितात. केंद्र सरकारनेंही जुलै २०२१ मध्यें जे नियम केले, त्यांत पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षें उलटलेल्या व मूळ रूपांत राखलेल्या मोटारींस 'व्हिंटेज' म्हणून निराळी नोंदणी दिली आहे. चासी, सांगाडा वा इंजिन यांत मोठा फेरबदल झालेला नसावा, ही त्यांत अट आहे. अशा नोंदणीच्या मोटारी नित्याच्या वापरासाठीं नव्हेत. तेव्हां ज्यांस ती नोंदणी करावयाची असेल, त्यांनीं कोठेंही हात लावण्यापूर्वीं परिवहन कार्यालयांत विचारून घेणें शहाणपणाचें.

आमचें मत असें. जी मोटार प्रदर्शनासाठीं राखली आहे, तिचे पॉइंट तसेच असावेत. तिचें मूल्यच तिच्या मूळपणांत आहे. जी मोटार अजून माणसें वाहते, पावसांत आणि घाटांत चालते, तींत इलेक्ट्रॉनिक साधन बसविण्यास आमची हरकत नाहीं. मात्र फेरबदल असा असावा कीं तो अर्ध्या घटकेंत परतवितां यावा. कोठेंही भोंक पाडूं नये, मूळ तार कापूं नये. बसविण्यापूर्वीं बॅटरीचा कोणता ध्रुव सांगाड्यास जोडलेला आहे तें पाहावें. पुष्कळ जुन्या इंग्रजी मोटारींत तो धन असतो, आणि उलटी जोडणी झाली तर नवें साधन क्षणांत जळतें. कॉइलला लावलेला रोधक ठेवावा कीं काढावा हें साधनाच्या सूचनापत्रावरून ठरवावें. इंजिन बंद असतां चावी चालू ठेवूं नये. आणि काढलेली पट्टी, पॉइंट व कंडेन्सर यांसह, कागदांत गुंडाळून डिकींत ठेवावी.

हा शेवटचा सल्ला आमचा नव्हे. स्नेह्यांनीं त्याच मिस्त्रींस पुन्हां बोलावून विचारलें, तेव्हां ते म्हणाले, "बसवा की गुरुजी, नवं बसवा. पण जुनं फेकू नका. नवं रुसलं तर जुनंच घरी आणील." ज्या नव्या साधनानें त्यांचें कांहीं काम कमी होणार, त्याविषयीं त्यांच्या बोलण्यांत द्वेष नव्हता, हें आम्हांस फार मोठें वाटलें.

विद्यार्थिमित्रहो, आम्हांस भीति वाटते ती नव्या साधनाची नव्हे. बंद डबी बसली कीं आंत काय घडतें हें विचारण्याची गरज सरते, आणि गरज सरली कीं जिज्ञासाही सरते, याची आम्हांस भीति वाटते. म्हणून आमचा आग्रह आहे कीं, डबी बसविण्यापूर्वीं प्रत्येक मुलानें एकदां तरी पॉइंटची फट आपल्या हातानें बेतावी, आणि ठिणगी कां पडते हें समजून घ्यावें. स्नेह्यांच्या मोटारींत आतां नवें साधन आहे. डिकींत जुनी पट्टी आहे, आणि तिच्याजवळ स्नेह्यांच्या त्याच नातवानें ठेवलेली एक काड्यापेटी आहे. ती कशासाठीं, हें तो कोणासही समजावून सांगूं शकतो.