लस चालते, दाखला नाही!

समजा, २०२१ च्या ऑक्टोबरात कोलशेतच्या एक आजीबाई लेकीच्या बाळंतपणासाठी लंडनला निघाल्या. कोरोनाची कोव्हिशील्ड लस त्यांनी दोनदा टोचून घेतलेली. युक्ती ऑक्सफर्डच्या विद्वानांची, चिंपांझीच्या सर्दीचा विषाणू पांगळा करून साधलेली. लस बनवली मात्र पुण्याच्या सिरम इन्स्टिट्यूटने. मार्चमध्ये तिथल्याच ५० लाख मात्रा ब्रिटनने आपल्या लोकांसाठी नेल्या होत्या! तरी ४ ऑक्टोबरपासून आजीबाई तिकडे बिनलशीच्या. बसा दहा दिवस घरात. आक्षेप लशीवर नव्हे हो, भारताच्या दाखल्यावर! दिल्लीनेही त्याच दिवसापासून ब्रिटिश पाहुण्यांना दहा दिवस कोंडायचे ठरवले. ही मात्रा लागू पडली म्हणायची. ११ ऑक्टोबरला आपला दाखला चालू लागला.

आपणही काही धुतल्या तांदळासारखे नव्हतो. मार्चमध्ये इथे रोगाची लाट उसळली, तशा आपण परदेशी जाणाऱ्या लशी रोखल्या. घरात माणसे जात असता दुसरे करणार तरी काय? ब्रिटनचे त्यावाचून फारसे अडले नाही. अडले ते आफ्रिकेतल्या गरीब देशांचे. त्यांच्या वाट्याच्या लशी पुण्याहून पुन्हा निघाल्या, त्या थेट नोव्हेंबरच्या अखेरीस.