दुसरा कूलर

माजलगावात ‘कूलर घ्यायचा आहे’ म्हटले की दुकानदार विचारतो, “पत्र्याचा की प्लॅस्टिकचा?” मला हवा होता वीतभरही नसलेला, संगणकाच्या पोटात बसणारा!

निमित्त आमच्या आत्याचे. वय ८२, आणि जात्यावरच्या ओव्या तोंडपाठ. हेमा राईरकर व गी पॉइटवाँ या संशोधकांनी १९९६ साली इथल्या भीमनगरात बायकांच्या ओव्या ध्वनिमुद्रित केल्या होत्या. आमच्या घरातल्या मात्र घरातच राहिल्या. मराठीचा प्राध्यापक म्हणवणाऱ्याला हे शोभेना. गेल्या मे महिन्यात टेबलावर माइक ठेवून आत्याला बसवले. नंतर ऐकून पाहतो तो ओवीमागे अखंड घरघर!

आत्या म्हणाली, “अरे, ही तर पिठाची गिरणी! गिरणी आली अन् आमच्या ओव्या गेल्या. आता तुझ्या पेटीतबी गिरणीच का?”

मी वरमलो.

दोष पंख्याचा होता. संगणकाचा मेंदू, म्हणजे प्रोसेसर, काम करताना तापतो. त्यावरचा मूळचा पंखा लहान. म्हणून त्याला भराभर फिरावे लागते. १२० मिलिमीटरचा पंखा तेवढीच हवा सावकाश फिरून देतो, आणि वेग कमी तसा आवाजही कमी. चांगल्या कूलरात तांब्याच्या बंद नळ्या असतात. आतल्या थोड्याशा द्रवाची गरम टोकाशी वाफ होते. दुसऱ्या टोकाशी ती ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्यांना उष्णता देऊन पुन्हा द्रव होते. पंखा त्या पत्र्यांवर वारा घालतो.

कुणा वाचकाला असा कूलर घ्यायचा असेल, तर माझी फजिती उपयोगी पडावी. प्रोसेसर किती वॅटचा (माझा ६५) आणि त्याची बैठक कोणती, हे मी पाहिले. पेटीची आतली जागा मोजली नाही. कूलर आला १५५ मिलिमीटर उंच. झाकण काही लागेना! बदलून ठेंगणा आणला. पंख्याची जोडणी चार तारांची घ्यावी, म्हणजे उष्णतेप्रमाणे वेग आपोआप कमीजास्त होतो. प्रोसेसर व कूलर यांच्यामधला लेप तुरीच्या दाण्याएवढा पुरे.

एक मात्र ध्यानात ठेवावे. खिडकीतला कूलर पाण्याच्या जोरावर हवा गार करतो. हा दुसरा खोलीतल्या हवेपेक्षा गार काही करू शकत नाही. पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा याचाही पंखा धावणारच. म्हणून खिडकीतल्या कूलरचा ओला झोत पेटीवर सोडू नये. पत्र्यांत बसलेली धूळ मात्र महिन्याकाठी ब्रशाने झाडावी.

दसऱ्याला आत्याला पुन्हा बसवले. मध्येच थांबून तिने विचारले, “बंद पडलं का रे ते?”

ते चालू होते.

मुद्रण स्वच्छ झाले. पण मे महिन्यात म्हटलेल्या दोन ओव्या तिला काही केल्या आठवल्या नाहीत. त्या आता माझ्याकडे आहेत त्या तेवढ्याच, गिरणीच्या घरघरीसकट.