लॉन ठेवावं का? ठेवावं, पण…



नवं घर बांधलं तेव्हा फाटकापासून ओसरीपर्यंत लॉन केलं. 20 फूट बाय 15 फूट, मेक्सिकन गवताचं. हौस माझीच. त्याच चातुर्मासात गावात आर्यिका माताजींचा संघ होता आणि आमच्याकडे चौका लागला होता. शुद्ध वस्त्रं नेसून, कलश-श्रीफळ घेऊन आम्ही दोघं फाटकात उभे राहिलो. माताजी आल्या, समोर पाहिलं आणि पुढच्या घराकडे वळल्या. हिरव्यावर पाय न देता आत यायला वाटच नव्हती. शोभेच्या चार फरश्या होत्या, पण त्यांच्या फटींतूनही गवत वर आलेलं. सासूबाई म्हणाल्या, "विधी मिळाला नसेल." माझ्या मनाला मात्र कारण कळलं होतं.

आचार्य समंतभद्रांच्या रत्नकरंड श्रावकाचारात अनर्थदंडाचे पाच प्रकार सांगितले आहेत. त्यांतला प्रमादचर्या म्हणजे विनाकारण जमीन खणणं, पाणी सांडणं, वनस्पती तोडणं. पाठशाळेत मी हे घडाघडा म्हणत असे. आणि लॉनची निगा म्हणजे दुसरं काय असतं? प्यायचं पाणी आपण तांब्याभर असलं तरी गाळून घेतो, जिवाणी जपून पोचवतो. त्याच घरात पाईप लावून न गाळलेलं पाणी गवतावर सोडतो. एवढ्याशा लॉनला उन्हाळ्यात रोज 5 मिलिमीटर पाणी धरलं तरी 140 लिटर होतं!

म्हणून लॉन उखडून सगळीकडे फरशी घाला, असं मी म्हणणार नाही. उखडणं हीसुद्धा हिंसाच, आणि फरशीनं अंगण तापतं ते वेगळंच. गृहस्थाची आरंभी हिंसा पूर्ण सुटत नाही. पण गरजेची किती आणि मिरवण्याची किती, हे आपल्याला कळतं.

आता आमच्याकडे फाटकापासून दारापर्यंत चार फूट रुंद शहाबादी फरशीची वाट आहे, फटी सिमेंटनं भरलेल्या. उरलेल्या जागेत मेक्सिकन जिथे जिथे वाळलं तिथे आपली हरळी पसरू दिली. हरळीचं बरं असतं. उन्हाळ्यात ती पिवळी पडते, मेल्यासारखी दिसते, पण जमिनीतल्या कांड्या जिवंत असतात आणि वळवाच्या पावसानंतर पुन्हा फुटते. त्यामुळे एप्रिल-मेमध्ये मी तिला पाणी देतच नाही. शेजारणी विचारतात, "लॉन गेलं का हो?" विचारू देत.

खरी परीक्षा पावसाळ्यात. गवत झपाट्यानं वाढतं आणि बेडूक, गोगलगायी, गांडुळं, किडे सगळे त्यातच असतात. आमच्या ह्यांचं म्हणणं, "गवत वाढवलंस आणि साप निघाला, तर काठी उचलायची वेळ कुणावर येईल?" हा प्रश्न मी उडवून लावू शकले नाही. म्हणून आषाढाच्या आधीच एकदा सगळं कापून घेते. चातुर्मासात फक्त वाटेच्या दोन्ही बाजूंचा दोन-दोन फुटांचा पट्टा, तोही उघडीप असेल त्या दिवशी, ऊन वर आल्यावर, आधी मऊ केरसुणी हळू फिरवून, विळ्यानं. मशीन नाही. बाकीचं दिवाळीनंतर.

एका पावसाळ्यात गवताचे ठिगळ-ठिगळ वाळले. मुळं हुमणीनं खाल्ली होती. दुकानदारानं दाणेदार औषधाची पुडी पुढे केली. ते हुमणीबरोबर गांडुळांनाही मारतं. शेतकऱ्याचं पीक जातं तेव्हा त्याची उद्योगी हिंसा समजू शकते. पण शोभेच्या गवतासाठी जाणूनबुजून मारायचं, त्याला संकल्पी हिंसेशिवाय काय नाव देणार? मी पुडी तिथेच ठेवली. ठिगळं दिसत राहिली, पुढच्या पावसात हरळीनं भरून काढली.

थंडीत गवताची वाढ मंदावते, काम फारसं नसतं. तेव्हाच कुणीतरी हमखास सांगतं, पहाटे दवावर अनवाणी चाला, डोळ्यांना चांगलं. माझ्या डोळ्यांना चष्मा पुरेसा आहे.

गेल्या श्रावणात पुन्हा चौका लावला. माताजी वाटेनं सरळ ओसरीपर्यंत आल्या. आहार निरंतराय झाला. जाताना त्यांची नजर चार हात पुढच्या फरशीवरच होती. दोन्ही बाजूंना गुडघाभर हरळी उभी होती आणि तिच्याबद्दल त्या काहीच बोलल्या नाहीत.