डबा बाद नाही हो!

"गेम अडकतोय? नवीन पीसी घे!" हा सल्ला फुकट मिळतो, म्हणूनच महागात पडतो. अहो, २०२१ चा 'फोर्झा होरायझन ५' किमान काय मागतो? २०१४ चा आय-५ ४४६० प्रोसेसर, ८ जीबी रॅम, जीटीएक्स ९७०. म्हणजे लंगडं आहे ते बहुतेक तुमचं ग्राफिक्स कार्ड. दहिसरहून लोकल पकडा, ग्रँट रोडला उतरा आणि लॅमिंग्टन रोडवर सेकंडहँड कार्ड चालवून बघूनच घ्या. आधी आपल्या पॉवर सप्लायचे वॅट मात्र तपासा. रॅमची एकच पट्टी असेल तर जोडीला दुसरी लावा. एसएसडीने गेम पटकन उघडेल, फ्रेम्स फारशा वाढणार नाहीत. तेवढ्यासाठी पहिल्यावहिल्या पगाराला ईएमआय कशाला लावायचा राव?